तो चमचा, ती वाटी, ते ताट

ताई, मी कळव्याला खारेगावात राहते. बारावी कॉमर्सला आहे, दहावीपर्यंत मराठी शाळा. बाबा रबाळे एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर ऑपरेटर आहेत, आई जेवणाचे डबे करते. मला परकी भाषा शिकायची आहे, तीन महिन्यांचा कोर्स म्हणून नाही, नीट, पदवीला. आतेभाऊ म्हणतो जर्मन घे, तिकडे माणसं हवी आहेत. मी कोरियन मालिका बघते म्हणून मला कोरियन आवडते. एका क्लासच्या पत्रकावर लिहिलंय, ‘जपानी शिका, सहा महिन्यांत नोकरी’. बाबा म्हणतात, गुपचूप बी.कॉम. कर, भाषेवर पोट भरत नाही, आता तर मोबाइलच भाषांतर करतो. कॉलेजात करिअर मार्गदर्शनाला एक मॅडम आल्या होत्या. त्यांना विचारलं तर सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘तुझं मराठी तरी धड आहे का? इंग्रजीचं सोडच.’ आम्ही घरी आगरी बोलतो. माझ्या तोंडून ‘पानी’, ‘डोला’ निघून जातं. त्या दिवसापासून मी वर्गात काही विचारलेलं नाही. मला जमेल का? कुठली भाषा घेऊ, कुठे शिकू? माझं नाव छापू नका.

बाळ,

तुझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देते, पण आधी त्या मॅडमचं वाक्य बाजूला काढू. ते मनात घेऊन तू कुठलीही भाषा शिकायला बसलीस तरी जीभ उचलायची नाही, आणि जीभ उचलल्याशिवाय भाषा येत नाही.

‘पानी’ आणि ‘डोला’ या चुका नाहीत. आगरीत ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’चा ‘ल’ होतो. नियमाने होतो, पिढ्यान् पिढ्या होतो, खाडीच्या दोन्ही अंगांच्या गावांत होतो. जे असं नियमाने घडतं त्याला भाषेचा अभ्यास करणारी माणसं चूक म्हणत नाहीत, बोलीचा धर्म म्हणतात. तू परीक्षेत ‘पाणी’ लिहितेस आणि घरी ‘पानी’ मागतेस, म्हणजे दोन नियमावल्या तुझ्या डोक्यात शेजारी शेजारी नांदतायत. कुठे कुठली काढायची हे तुला कुणी न शिकवता कळतं. जर्मनीत श्टुटगार्टकडच्या घरांतही हेच चालतं. आजीबाई घरात श्वेबिश बोलतात आणि बाहेरच्या माणसाशी प्रमाण जर्मन. नुसती पुस्तकातली जर्मन शिकून तिथे उतरलेला माणूस पहिले काही महिने गोंधळून जातो, कारण घरातली बोली वेगळी असू शकते हेच त्याला ठाऊक नसतं. तुला ते लहानपणापासून ठाऊक आहे.

गुंथर सोन्थायमर नावाचे जर्मन प्राध्यापक होते, हायडेलबर्ग विद्यापीठातले, १९९२ साली गेले. ते मराठी शिकले आणि धनगरांच्या वाड्यांवर, खंडोबाच्या जत्रांत जाऊन बसले, ओव्या ऐकल्या, ध्वनिमुद्रित केल्या. धनगर पुस्तकी मराठी बोलत नाहीत म्हणून त्यांचं काही अडलं नाही. उलट त्यासाठीच ते तिथे गेले होते. तुझ्या आजीच्या तोंडची लग्नातली धवलगीतं ऐकायला उद्या असा कुणी खारेगावात आला, तर त्याला अर्थ सांगायला तूच लागशील.

आता माझं सांगते. मी नौपाड्यात चाळीत वाढले, माझीही शाळा मराठीच. कॉलेज करता करता काळ्या घोड्याला मॅक्सम्युलर भवनात जर्मनच्या संध्याकाळच्या वर्गाला जायचे. व्हीटीवरून गाडी पकडून घरी पोचायला साडेनऊ व्हायचे. पहिल्याच आठवड्यात लिंग आलं. जर्मनमध्ये प्रत्येक नाम ‘डेअर’, ‘डी’ किंवा ‘डास’ यांपैकी एक लावून येतं, आणि ते पाठ करावं लागतं. वर्गातली इंग्रजी शाळांतली मुलं हैराण झाली होती. चमचा पुल्लिंगी का, काटा स्त्रीलिंगी का, सुरी नपुंसकलिंगी का, असं बाईंना विचारत होती. मीही घाबरले, कारण ती सगळी माझ्यापेक्षा हुशार वाटायची.

घरी आई भांडी पुसून मांडणीवर लावत होती. ती सातवी शिकलेली. मी तिच्या हातात वही दिली, उच्चार देवनागरीत लिहून ठेवले होते, आणि म्हटलं, तू मराठीत शब्द विचार, मी जर्मन सांगते. तिने विचारलं, चमचा? मी म्हटलं, डेअर ल्योफल. ती वहीत बघून म्हणाली, बरोबर. पण हे डेअर काय? मी म्हटलं, पुल्लिंग. तिने हातातला चमचा जाळीत ठेवला, वाटी उचलली, मग ताट उचललं आणि म्हणाली, ‘मग त्यात काय? आपल्याकडे पण तो चमचा, ती वाटी, ते ताट. कुणी पाठ केलंय?’

त्या रात्री माझी भीती गेली. इतकी वर्षं मी शिकवतेय, पण आईने भांडी लावता लावता सांगितलं त्याहून नेमकं मला अजून सांगता आलेलं नाही. इंग्रजीत वस्तूंना लिंग नाही. हिंदीत दोनच. तीन लिंगं मराठीत आहेत, गुजरातीत आहेत, कोकणीत आहेत, आणि जर्मनमध्ये आहेत. शब्दागणिक लिंग जुळत नाही, ते पाठ करावंच लागतं, पण ‘ताट ते का?’ असा प्रश्नच ज्याला कधी पडला नाही त्याचं मन जर्मनसाठी आधीच तयार असतं.

आणखी पुढे जा. जर्मनमध्ये ‘मेडशन’ म्हणजे मुलगी, आणि तो शब्द नपुंसकलिंगी आहे. याचं लोकांना फार नवल वाटतं. त्याचं कारण शेवटच्या ‘शन’मध्ये आहे. हा लहानपण दाखवणारा प्रत्यय, आणि तो लागला की शब्द नपुंसकलिंगी होतो. आता आपलं बघ: लेकरू, वासरू, कोकरू, पाखरू. सगळी लहान, सगळी ‘ते’. मराठी शाळेत शिकलेल्या मुलीला हे एकदा दाखवलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

विभक्तीचंही तसंच. आपण ‘मुलगाला’ म्हणत नाही, ‘मुलाला’ म्हणतो, म्हणजे प्रत्यय लागायच्या आधी शब्द स्वतःच बदलतो. जर्मनमध्ये ‘डेअर युंग’ म्हणजे मुलगा आणि ‘डेम युंगन’ म्हणजे मुलाला. पुढचा ‘डेअर’ही बदलला आणि मुलगाही बदलला. शाळेत प्रथमा-द्वितीया-तृतीया घोकताना हे कशाला असं वाटलं असेल. त्याचा उपयोग इथे आहे. आणि ‘कारण मी आजारी आहे’ यातलं ‘आहे’ जर्मनमध्येही अशा उपवाक्यात शेवटीच जातं: ‘वाइल इश क्रांक बिन’. इंग्रजी मनाच्या मुलांचं क्रियापद सारखं मध्ये येऊन बसतं. तुझं शेवटी जाईल.

जपानी आणि कोरियनमध्ये तर सगळीच वाक्यं मराठीच्या चालीवर चालतात. ‘वाताशि वा मिझु ओ नोमिमास’: मी, पाणी, पिते. क्रम तोच. आपण ‘ठाण्यात’ म्हणताना ‘त’ मागे लावतो, जपानी माणूस ‘नि’ मागे लावतो. आपल्याकडे छाती धडधडते, तिकडे ‘दोकिदोकि’ होते. आपलं भांडं लखलखतं, तिकडचं ‘पिकापिका’. पाऊस आपल्याकडे धो धो, तिकडे ‘झाझा’. असे नाद जपानीत पानापानावर येतात, आणि मराठीत तर त्यांना तोटाच नाही. उच्चारातही तुला घरचा आधार आहे. ‘चमचा’, ‘चूल’ यांतला जो ‘च’ आहे, ‘चिमणी’मधला नव्हे, तोच जपानी ‘त्सु’ला आणि जर्मन ‘त्साइट’ला लागतो. बाहेरचे लोक त्यासाठी आरशासमोर बसतात.

ही झाली तुझी शिदोरी. ती कुणी काढून घेऊ शकत नाही. पण ती पुरेशी आहे असं मात्र सांगणार नाही.

इंग्रजीचं खरं सांगते. विद्यापीठात परक्या भाषेचे पहिले वर्ग बहुधा इंग्रजीतून समजावले जातात, शब्दकोश इंग्रजी असतात आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीतही इंग्रजी लागतंच. तेव्हा इंग्रजी फाडफाड बोलता आलं नाही तरी चालेल, पण एक पान वाचून समजलं पाहिजे. ते एका वर्षात होतं. जर्मन घेतलीस तर इंग्रजीलाही हात लागेल, कारण दोन्ही एकाच कुळातल्या: वॉटर-वासर, हाउस-हाउस, ब्रेड-ब्रोट.

आता ‘सहा महिन्यांत नोकरी’. ते पत्रक रद्दीत टाक. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं आणि त्यांनी वर्गांच्या तासांचा हिशेब मांडलेला आहे. कामाला येईल इतपत फ्रेंच, स्पॅनिश यायला साधारण ६०० ते ७५० तास, जर्मनला ९००, आणि जपानी, कोरियन, चिनी, अरबी यांना २२००. हा हिशेब इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचा आहे. वाक्याची चाल तुला ओळखीची असल्याने जपानी-कोरियनचे काही तास वाचतील, पण जपानी लिपीचे वाचणार नाहीत. हिरागाना, काताकाना प्रत्येकी ४६ अक्षरं महिन्याभरात येतात. त्यानंतर चित्रलिपीतली कांजी येतात, आणि जपान सरकारने नित्य वापरासाठी ठरवलेल्या यादीत ती २१३६ आहेत. एकेक अक्षर हाताने गिरवून बसवायचं. सहा महिन्यांत झटून अभ्यास केलास तर जपानीची सगळ्यात खालची एन-५ पातळी होईल. तिच्यावर कुणी नोकरी देत नाही. एन-३ला विचारायला लागतात, एन-२ला मान मिळतो.

मला तुला मुख्य सांगायचं आहे ते हेच: अर्धी भाषा कुणाच्या कामाची नसते. युरोपीय भाषांच्या सहा पातळ्या आहेत, ए-१पासून सी-२पर्यंत. २००१ साली युरोप परिषदेने त्या ठरवून दिल्या. मी कितीतरी मुलं बघितली जी ए-२ची जर्मन, ए-१ची फ्रेंच आणि थोडी स्पॅनिश अशी तीन प्रमाणपत्रं फाइलला लावून फिरतात आणि त्यांना तीनपैकी एकाही भाषेत फोन उचलता येत नाही. बी-१पर्यंत सगळं भराभर चढतं, रोज नवं काहीतरी येतं, उत्साह असतो. मग एक लांबलचक सपाटी लागते. महिनोन् महिने वाटतं की आपण तिथेच आहोत. बहुतेक जण तिथेच सोडतात. ती ओलांडून बी-२ला पोचलं की भाषा पगार द्यायला लागते. म्हणून एकच भाषा घे आणि तिथपर्यंत जा.

कुठली? कोरियन आवडते याची लाज वाटू देऊ नकोस. दोन वर्षं रोज एक तास ऐकलेली भाषा कानात बसलेली असते, ती कमाई आहे. हंगुल लिपीही १४४३ साली राजा सेजोंगने सामान्य माणसाला सहज यावी म्हणून घडवली, ती तू पंधरा दिवसांत शिकशील. पण पदवी म्हणून, तुझ्या घरून, तुझ्या परिस्थितीत मी जर्मन निवडेन. एक, ती तीन लिंगं आणि विभक्ती. दोन, कालिन्याच्या मुंबई विद्यापीठात जर्मनचा स्वतंत्र विभाग आहे, म्हणजे कळव्याहून स्लो गाडीने कुर्ला आणि पुढे बस, रोज घरी परत. तीन, ठाणे-बेलापूर पट्टा. कळव्याचा सीमेन्सचा कारखाना तर तू लहानपणापासून बघतेस. ऐरोली, महापे, रबाळे इथे जर्मन यंत्रं, जर्मन ग्राहक आणि जर्मन हिशेब बघणारी कामं आहेत. आतेभाऊ म्हणतो त्यातही तथ्य आहे. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, आणि त्याच वर्षी जर्मनीने भारतातल्या कुशल कामगारांसाठी वर्षाचे व्हिसा २०,००० वरून ९०,००० पर्यंत वाढवायचं जाहीर केलं. फक्त तो हे सांगत नाही की तिथे परिचारिका, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक अशी हातात कसब असलेली माणसं हवी आहेत. भाषा त्यांच्या कामाला जोडलेली असते. नुसती जर्मन घेऊन गेलेल्याला तिथे काही मिळत नाही, तिथे सगळ्यांनाच जर्मन येते.

घड्याळाचाही विचार कर, हा कुणी सांगत नाही. जर्मनी आपल्या मागे आहे, उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. तिकडच्या ग्राहकांची कामं म्हणजे ऐरोलीत दुपारी सुरू होऊन रात्री नऊ-दहाला सुटणारी पाळी. जपान साडेतीन तास पुढे, म्हणजे पहाटे उठणं. रात्री ऐरोलीहून खारेगावात कशी पोचशील याची घरात आजच चर्चा झालेली बरी, नाहीतर तीन वर्षं शिकून तिथे अडेल.

आता कुठे शिकायचं. दोन वाटा आहेत. पहिली, भाषेतच ऑनर्सची पदवी. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, रशियन, जपानी, कोरियन, चिनी, अरबी, फारसी यांत बी.ए. ऑनर्स आहे आणि आधी भाषा यायची अट नसते, शून्यापासून शिकवतात. हैदराबादला इंग्रजी आणि परकीय भाषांचं केंद्रीय विद्यापीठच आहे, इफ्लू. दिल्लीचा प्रवेश सीयूईटीवर, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेवर होतो. ती परीक्षा मराठी माध्यमातूनही देता येते, पण कुठले पेपर लागतात ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघ आणि इंग्रजीचा पेपर टळेल असं धरून चालू नकोस. अशा ठिकाणी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तीच भाषा, तिचं साहित्य, इतिहास, भाषाशास्त्र. वसतिगृह असतं, ग्रंथालय असतं, आणि आजूबाजूला तसलीच वेडी मुलं असतात. जागा मिळाली तर मी बाबांना हात जोडून सांगेन की पाठवा.

दुसरी वाट म्हणजे ठाण्यात बी.कॉम. आणि बाजूला जर्मन. बाबा सुचवतायत त्या बी.कॉम.ला नाही म्हणू नकोस. तुझ्या इच्छेत आणि त्यांच्या म्हणण्यात तुला भांडण दिसतंय, मला दिसत नाही. जिला ताळेबंद वाचता येतो आणि बी-२ची जर्मनही येते, अशी मुलगी नुसती जर्मन येणारीपेक्षा आधी निवडली जाते, हे मी माझ्याच विद्यार्थिनींच्या बाबतीत बघितलंय. कालिन्याच्या विभागात किंवा मॅक्सम्युलर भवनात पातळी-पातळीने शिक, पातळीची परीक्षा दे आणि पदवीनंतर एम.ए. जर्मनमध्ये कर. पुण्याला राहायची सोय होत असेल तर फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. तिथल्या प्रमाणपत्र वर्गांत कितीतरी पिढ्या शिकल्या. शिकवायचं मनात असेल तर एम.ए. आणि मग नेट, म्हणजे कॉलेजात शिकवण्यासाठीची पात्रता परीक्षा, ती जर्मनमध्येही आहे. या वाटेवर धोका एकच, बी.कॉम.च्या परीक्षा आल्या की भाषा बाजूला पडते. रोजचा एक तास सुटला नाही तर ही वाट पहिलीइतकीच लांब नेते.

पदवी काय देते आणि काय देत नाही, तेही ऐक. माझं पहिलं काम रबाळ्याच्या एका कारखान्यात होतं. जर्मनीहून पॅकिंगचं यंत्र आलं होतं, ते बसवायला तिकडचा फिटर आला होता आणि मी दुभाषी. मला जर्मन कविता तोंडपाठ होत्या. तो यंत्राखाली आडवा पडून ओरडला, ‘मुटर आनत्सीएन!’ मुटर म्हणजे आई. आनत्सीएन म्हणजे कपडे घालणं. मी नुसती उभी. तो पुन्हा ओरडला. शेवटी आपला एक जुना फिटर, पन्नाशीचे गृहस्थ, पाना घेऊन पुढे झाले, वाकून बघितलं आणि मला हळूच म्हणाले, ‘ताई, नट आवळा म्हणतोय तो.’ जर्मनमध्ये नटलाही मुटर म्हणतात आणि आनत्सीएन म्हणजे आवळणंही. अनेकवचनात फरक कळतो, आया म्हणजे ‘म्युटर’ आणि नट म्हणजे ‘मुटर्न’, पण त्या वेळी तिथे नट एकच होता. ते गृहस्थ जर्मन शिकलेले नव्हते. त्यांना यंत्र येत होतं. त्यानंतर दोन महिने मी त्यांच्याबरोबर दुपारी वर्कशॉपमध्ये बसले आणि पाना, वायसर, बेअरिंग, गळती सगळ्याची जर्मन यादी केली. ती वही अजून माझ्याकडे आहे. विद्यापीठाने मला ती यादी दिली नव्हती, पण यादी कशी करायची, शब्द कुठून फुटतो, कुठल्या शब्दाला कुठलं लिंग हे कसं पडताळायचं, ते विद्यापीठानेच दिलं होतं. तुझे बाबा रबाळ्यातच ऑपरेटर आहेत. त्यांच्याइतका शब्दांचा साठा तुला कुठल्याही वर्गात मिळणार नाही.

बाबांच्या मोबाइलच्या प्रश्नाला मी बगल देणार नाही. आज ‘नट आवळा’चं जर्मन यंत्र क्षणात करतं, आणि मागच्या-पुढच्या वाक्यांवरून आई की नट हेही ओळखतं. साधी पत्रं, पावत्या, माहितीपत्रकं यांच्या भाषांतराचं काम कमी झालंय, दरही उतरलेत. माझ्या ओळखीतल्या अनुवादकांकडे आता यंत्राने केलेलं तपासून द्यायचं काम जास्त येतं. ते काम बी-१वाल्याला जमत नाही, कारण यंत्राची चूक दिसायला यंत्राहून जास्त भाषा यावी लागते. अर्धी भाषा आधी कमी उपयोगाची होती, आता तेवढीही राहिली नाही. माझ्या हट्टाचं हेही एक कारण आहे. आणि जिथे समोर जिवंत माणूस आहे, घाबरलेला, चिडलेला, म्हातारा, सौदा करायला बसलेला, तिथे मध्ये मोबाइल धरून चालत नाही. श्टुटगार्टच्या रुग्णालयात एखाद्या आजीबाईंनी रात्री श्वेबिशमध्ये काही मागितलं तर तिथली परिचारिका खिशातला फोन शोधत बसणार नाही. बोलीच्या घरातून आलेल्या मुलीला त्या आजीबाईंचं अर्ध्यात कळेल, याची मला खात्री आहे.

मराठी मात्र सोडू नकोस. जर्मन येणारे पुष्कळ मिळतात. जर्मनमधलं ऐकून ते रबाळ्याच्या कामगाराला पटकन कळेल अशा मराठीत सांगणारे फार थोडे. रोज मराठीत काहीतरी वाच, आणि आगरीतली आईची, आजीची वाक्यं लिहून ठेव. भाषेचा अभ्यास त्यानेही सुरू होतो.

खारेगावातून कळव्याचा पूल ओलांडून ठाण्यात येतेस तेव्हा खाडीकाठच्या तुरुंगाकडे बघ. तो पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतलेला किल्ला आहे. १७३७ साली मराठ्यांनी ठाणं घेतलं, पोर्तुगीज गेले, पण बटाटा, पाव, साबण, चावी, घमेलं, पगार, इस्त्री हे त्यांचे शब्द इथेच राहिले. ‘तुरुंग’ हाही त्यांचाच. तुझी आई डब्यात बटाट्याची भाजी भरते आणि बाबा पगाराची वाट बघतात, तेव्हा परकी भाषा घरात येऊन पावणेतीनशेच्या वर वर्षं झालेली असतात. तू काही परकं मागत नाहीयेस.

आता कामाचं. फेब्रुवारीत तुझी बोर्डाची परीक्षा आहे, तोवर अकाउंट्स आणि इंग्रजी यांशिवाय दुसरं काही नको. जर्मन एप्रिलमध्ये सुरू कर, आधी नाही. एका शनिवारी बाबांना सुट्टी असेल तेव्हा त्यांना घेऊन कालिन्याला जा, विभागात चौकशी करा, वर्ग कधी भरतात, फी किती, स्वतः विचारा. बाबांना तिथे बोलू दे, तू मागे राहू नकोस, एक प्रश्न तरी तू विचार, येईल तसा. सीयूईटीचे अर्ज बोर्डाच्या परीक्षेच्याच आगेमागे निघतात आणि मुलांची तारीख तिथेच हुकते. जाहिरात आली की शेवटची तारीख बाबांना त्यांच्या हाताने भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहायला सांग.